रातभर जागून थेट, की सकाळी हायलाइट्स?

इंग्लंडच्या लिव्हरपूल फुटबॉल क्लबवर जीव आहे आणि राहणं वावरात. हिवाळ्यात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेची, मोठी मॅच आपल्याकडे रात्री दीडला सुरू होते. नेमकी तेव्हाच हरभऱ्याच्या ओलिताला रातची लाइन असते. मग मोटर सुरू करायची, धुऱ्यावर शेकोटी पेटवायची आणि रेंज मिळेल तिथं मोबाइल धरून बसायचं. चित्र अडकतं, डेटा संपतो, पाय गारठतात.

सकाळचे हायलाइट्स सोयीचे. झोप होते, दहा मिनिटांत सगळे गोल दिसतात. पण ग्रुपवर स्कोअर आधीच कळलेला असतो.

२०१९ च्या मे महिन्यात बार्सिलोनाकडून पहिली मॅच ०-३ हरल्यावर मी दुसरीला अंगणात बाजेवर जागा होतो. ७९ व्या मिनिटाला आमच्या ट्रेंटनं झटकन कॉर्नर मारला, आमच्याच ओरिगीनं चेंडू जाळ्यात घातला. ४-०! दोन्ही मॅच मिळून ४-३, आम्ही पुढे! मी इतका ओरडलो की आई घाबरून उठली, "काय झालं रे बाबू?"

हायलाइट्समध्ये तो गोल मी शंभरदा पाहिला असेल, पण तशी धडधड एकदाही झाली नाही. इंग्लंडमधल्या साध्या लीग मॅचला सकाळ चालेल. अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, युरोपची रात्र असली तर मी जागणारच.