वॉकीनची पितळी नाणी: काम चोख, तोंड भलतीकडे

मी बँकेत कॅश काउंटरवर बसते आणि दर रविवारी घरी डन्जन्स अँड ड्रॅगन्सचा डाव चालवते. हा पात्रं बनून गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, आणि गोष्ट रचायचं काम माझं. आमच्यातला एक जण खेळात वॉकीनचा क्लेरिक, म्हणजे पुजारी आहे. वॉकीन ही खेळातल्या ‘फरगॉटन रेल्म्स’ या काल्पनिक जगातली व्यापाराची आणि पैशाची देवी. तिची खूण म्हणजे उभं नाणं आणि त्यावर डावीकडे तोंड केलेली खुद्द वॉकीन. हे ‘डावीकडे’ नियमपुस्तकातच दिलंय, माझ्या पदरचं नाही.

क्लेरिकच्या वाढदिवसासाठी १२ नाणी ऑनलाइन ऑर्डर देऊन बनवून घेतली. एकेक १६० रुपये, ठशाचे ९०० वेगळे. चित्र मीच काढून पाठवलं.

नाणी हातात घेतल्यावर आधी खूशच झाले. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं असतं, हे ३२ चं आणि चांगलं जाड. कड घासून गुळगुळीत केलेली, कुठे बोटाला लागत नाही. केसांच्या बटा सुट्या मोजता येतात आणि खाचांमध्ये काळं ठेवल्यामुळे नाणं जुनं, वापरातलं वाटतं. फरशीवर टाकलं तर आवाजही खणखणीत. दिवसभर चिल्लर मोजणाऱ्या कानांना एवढं कळतं.

मग लक्षात आलं, बाई उजवीकडे बघतायत. बाराच्या बारा.

ठशावर चित्र उलटं कोरलं तर नाण्यावर सुलटं उमटतं. यांनी माझं चित्र जसंच्या तसं कोरलं होतं. फोन केला तर म्हणे, “ताई, लक्ष्मीच्या नाण्याला असं कुणी विचारत नाही हो.” कसं विचारेल? सराफाकडच्या नाण्यावर लक्ष्मी समोर बघत बसलेली असते, तिला डावं-उजवं काय! दोन दिवस वाद घातल्यावर नवा ठसा फुकट करून द्यायला तयार झाले, पण तीन आठवडे लावले. वाढदिवस हुकला तो हुकलाच.

तोवर उलटी नाणी मी डावात खपवली. त्या जगाच्या पंचांगात १३५८ ते १३७१ वॉकीन बेपत्ता होती. ग्राझ्त नावाच्या राक्षसराजानं तिला कोंडून ठेवलं होतं आणि तिचा कारभार लिइरा ही आनंदाची देवी बघत होती. मी सांगितलं, ही त्या काळातली खोटी नाणी, बाजारात कोण पाडतंय ते शोधा. चार रविवार निघाले त्यावर.

नवी नाणी बरोबर आली. पाचपैकी साडेतीन तारे. ऑर्डर देताना चित्राखाली ‘नाण्यावर असं दिसलं पाहिजे’ असं ठळक लिहा, आणि ठशावरून आधी एकच नाणं पाडून त्याचा फोटो मागवा. क्लेरिकला विचाराल तर तो अजूनही उलटंच नाणं खिशात घेऊन फिरतो.