बोटीचा डॅशबोर्ड आणि मकरपुऱ्यातलं 'स्पेशल फिनिशिंग'

वडोदऱ्यात राहणाऱ्या बाईला बोटीच्या डॅशबोर्डशी काय घेणं, असं वाटेल. पण माझं माहेर मालवणचं. धाकटा भाऊ तारकर्लीला पर्यटकांची फायबरची बोट चालवतो, तीच त्याची रोजीरोटी. स्टिअरिंगपुढचं मूळ अ‍ॅक्रिलिकचं पॅनेल उन्हाने कडक होऊन गेजच्या, म्हणजे काट्यांच्या मीटरच्या, भोकांपासून तडकलं होतं. त्याला तिकडे असं काम करून देणारं कोणी भेटेना, आणि मी राहते मांजलपूरला, मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी. पत्रा कापणं, वाकवणं, अ‍ॅनोडायझिंग, पावडर कोटिंग, सगळं रिक्षाच्या अंतरावर. पावसाळ्यात बोट वर काढली तेव्हा हे काम मी अंगावर घेतलं.

मकरपुऱ्यातल्या एका कारागिराला काय हवं ते लिहून दिलं होतं. ९०० बाय ४०० मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा ५०८३ ग्रेडचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा. खाऱ्या पाण्याला टिकतो म्हणून बोटी बांधायला हाच ग्रेड वापरतात. लहान गेजसाठी ५२ मिलिमीटरची भोकं, इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या आरपीएम मीटरसाठी ८५ चं. कलई केलेल्या तांब्याच्या वायरी, डीसीवर चालणारे स्विच, ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू. यावर व्हॉट्सअ‍ॅपला त्याचं उत्तर आलं, "ओके ताई, ५०८३, ४ एमएम, सगळं होईल."

कारागीर मराठी निघाला, दांडिया बाजारात लहानपण गेलेला. "आपल्याच माणसाला फसवून मी कुठे जाणार?" हे पहिल्याच भेटीत ऐकवलं. बडोद्याच्या मराठी माणसाला हे वाक्य कुठे लागतं ते त्याला बरोबर ठाऊक. भाव १८,५०० रुपये, वर जीएसटी. निम्म्याहून जास्त आगाऊ.

पॅनेल दिसायला देखणं होतं. चारही कडांना काळ्या रबराची बीडिंग, प्रत्येक भोकाला रबराची रिंग, वर निळी संरक्षक फिल्म. स्विचच्या पाठीवर सिलिकॉनचा जाड थर, वायरींच्या दोन्ही टोकांना हीट-श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी प्लॅस्टिकची नळी. हे काहीच मी मागितलं नव्हतं. "स्पेशल फिनिशिंग आहे ताई, याचे पैसे नाही लावले," तो म्हणाला. आणि मग, "फिल्म मात्र फिटिंगच्या दिवशीच काढा, नाहीतर ओरखडे येतील." पुढे बहुतेक चोरी नेमकी या फुकटच्या फिनिशिंगखालीच सापडली, म्हणून हे लिहायला घेतलं.

भावाला इंधनाच्या गेजचं भोक थोडं मोठं करायचं होतं. त्याने रिंग काढून होल-सॉ, म्हणजे भोक पाडायची गोल करवत, लावला, तर धातूच्या किसाऐवजी काळ्या प्लॅस्टिकचा भुगा यायला लागला. लगेच फोन. "ताय, ह्यां काय धाडलंस गो?"

तो एसीपी होता, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल. दुकानांच्या पाट्यांना आणि इमारतींच्या दर्शनी भागाला लावतात तेच. क्रीमच्या बिस्किटासारखा प्रकार: वर-खाली कागदाइतका पातळ पत्रा आणि मध्ये पॉलिथिलीन. पाटीला तो झकास. बोटीवर मात्र इंजिनच्या कंपनाने स्क्रूखालचं प्लॅस्टिक दबत जातं आणि स्क्रू ढिले पडतात. कापलेल्या कडेतून खारं पाणी शिरलं की पत्रा सुटायला लागतो. शिवाय पॉलिथिलीन जळतं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला २०१७ साली आग लागून ७२ माणसं गेली, तिथे भिंतींवर बाहेरून पॉलिथिलीनचा गाभा असलेले असेच पॅनेल होते. आमच्या पॅनेलच्या पाठीला बॅटरीच्या वायरींचा गुंता येणार होता.

हे ओळखायला होल-सॉ लागत नाही, तागडी पुरते. भरीव अ‍ॅल्युमिनियमचा ४ मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला साडेदहा किलोच्या वर भरतो, तेवढ्याच जाडीचा एसीपी साडेपाच किलोच्या आसपास. आमच्या मापाचा पत्रा भोकांआधी ३.८ किलो हवा होता, भोकं पाडून थोडा कमी. कुरिअरच्या पावतीवर वायरी, स्विच, स्क्रू आणि खोक्यासकट अख्ख्या पार्सलचं वजन ३.४ किलो लिहिलेलं आहे. ही पावती आता माझा सगळ्यात बोलका पुरावा आहे, कारण ती ना मी लिहिली ना कारागिराने.

वायरींचीही तीच गत. स्लीव्हबाहेर डोकावणारा लग, म्हणजे टोकाचा जोड, छान कलई केलेला, आत वायर सीसीए. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची तार, वर तांब्याचा नुसता मुलामा. ब्लेडने खरवडली की आतून पांढरी दिसते. तांब्याच्या मानाने ती जेमतेम दोन-तृतीयांश वीज वाहते. घरच्या २३० व्होल्टला अर्धा-पाऊण व्होल्ट वाटेत गळला तर कोणाला कळतही नाही, बोटीच्या १२ व्होल्टमधून तेवढाच गळला की बिल्ज पंप मंदावतो. बोटीत साचलेलं पाणी बाहेर फेकायचं काम तोच पंप करतो. खाऱ्या हवेत या तारेचा पांढरा भुगा होतो, तो वेगळाच. सिलिकॉन सोलल्यावर स्विचवर छापलेलं सापडलं: १६ अँपिअर, २५० व्होल्ट एसी. डीसीचा आकडा कुठेच नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीची तशी विझत नाही. म्हणून डीसी रेटिंग वेगळं छापतात.

स्क्रूंबद्दल मात्र कारागिराच्या कसबाला दाद द्यावीशी वाटते. दुकानात त्याने स्वतः लोहचुंबक काढून लावून दाखवलं होतं. "बघा, चिकटत नाही. अस्सल ३१६." अहो, चुंबक ३०४ लाही चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२ लाही फारसं नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम नावाचं धातुद्रव्य असतं, खाऱ्या पाण्यात ते तारतं, आणि ते चुंबकाला कळत नाही. मॉलिब्डेनमच्या तपासणीचं थेंब टाकून बघायचं द्रावण मिळतं, स्टीलचे व्यापारी वापरतात. आमच्या स्क्रूंवर बोट पाण्यात उतरायच्या आधीच तांबूस ठिपके आले.

फोन केला तर साहेब शांत. "अ‍ॅल्युमिनियमच आहे ताई, वरून खरडून बघा." ५०८३ चा मेसेज दाखवल्यावर म्हणे तो मुलाने चुकून पाठवला. नंतर फोन उचलणं बंद. मग बिलाकडे नीट पाहिलं. दुकान मकरपुऱ्यात, पण जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. गुजरातचा कोड २४ आहे, २७ महाराष्ट्राचा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर टाकून बघता येतो. टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. म्हणजे १८ टक्के कर म्हणून घेतलेले ३,३३० रुपये सरळ त्याच्या खिशात.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यावर त्याचं उत्तर आलं की बोट धंद्याची आहे, तेव्हा तुम्ही ग्राहकच नाही. हा डाव बरेच जण टाकतात आणि समोरचा गप्प बसतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठीची खरेदी वगळली आहे हे खरं, पण फक्त स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही, असा खुलासा तिथेच दिलेला आहे. भाऊ स्वतः बोट चालवतो, त्याच्या पदरी खलाशांचा ताफा नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते.

भावाने शेवटी आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय आणलं आणि गावातल्या सुताराकडून पॅनेल कापून घेतलं. कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतून इपॉक्सी फिरवलं, वायरी नव्या टाकल्या. रंग जरा ओबडधोबड आहे, बोट चालू आहे. एसीपीचं पॅनेल, सोललेली वायर आणि ते स्क्रू त्याने मला परत पाठवलेत. वडोदरा जिल्हा आयोगात दाखल केलेल्या तक्रारीसोबत त्यांचे फोटो आणि कुरिअरची पावती जोडली आहे. पहिली तारीख अजून लागायची आहे.