ट्रॅकवरच्या खुल्या शर्यती: काही महिन्यांनंतरचा अनुभव

धावणं सुटून बरीच वर्षं झाली होती. परत सुरुवात केली ती ट्रॅकवरच्या खुल्या शर्यतींपासून. खुल्या म्हणजे कोणीही नाव द्यावं, वयाची अट नाही, पात्रतेची वेळ नाही. आता काही महिने नियमित जाते आहे आणि ठामपणे सांगते: परतणाऱ्या माणसाला रस्त्यावरच्या दहा किलोमीटरपेक्षा हे जास्त मानवतं, फक्त अंतर विचार करून निवडा.

खरी गंमत गटांची आहे. नाव देताना ‘अंदाजे किती वेळ लागेल’ एवढंच विचारतात आणि त्यावर हीट, म्हणजे आपण कोणत्या गटात धावायचं, ते ठरतं. त्यामुळे माझ्या शेजारी कधी शाळकरी पोरं असतात, कधी साठी ओलांडलेले काका, पण सगळे माझ्याच वेगाचे. मागे एकटं पडण्याची भीती इथे उरत नाही. जुन्या दिवसांतली वेळ मात्र सांगू नका, आज जी येईल तीच सांगा. गट चुकला तर शर्यतीची सगळी मजा जाते.

सुरुवातीला मी मैल निवडायला सांगेन. मैल म्हणजे 1609 मीटरहून किंचित जास्त, म्हणून सुरुवातीची रेघ शेवटच्या रेघेच्या नऊ मीटर मागे असते. तेवढं सोडलं की 400 मीटरच्या सरळ चार फेऱ्या, हिशोब सोपा. पहिली फेरी नेहमी फसवी, पाय हलके वाटतात. दुसरीत श्वास जागेवर येतो. तिसरी सर्वांत अवघड: सुरुवातीचा उत्साह संपलेला असतो आणि शेवट अजून दिसत नाही. माझा वेग तिथेच पडायचा. समोरच्याच्या पाठीवर नजर ठेवून ती फेरी काढायला मी इथेच शिकले. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डला इंग्लंडचा रॉजर बॅनिस्टर 3 मिनिटं 59.4 सेकंदांत मैल धावला, चार मिनिटांच्या आत मैल धावणारा तो पहिलाच, तेव्हाही आधी ब्रॅशर आणि मग चॅटवे हे त्याचे सोबती पुढे राहून वेग धरत होते. आमच्या गटातही कोणीतरी पुढे राहतं, बाकीचे त्याच्या मागे लागतात, आणि एकट्याने सरावात कधी न आलेली वेळ येते. शेवटच्या फेरीची घंटा वाजली की आपल्यात अजून काहीतरी शिल्लक आहे हे कळतं. त्या घंटेसाठी मी पुन्हा पुन्हा जाते.

800 मीटरला घाई करू नका. दोनच फेऱ्या असल्या तरी वेग इतका लागतो की मांडीचा मागचा स्नायू तयार नसेल तर दुखावतो. 5000 म्हणजे साडेबारा फेऱ्या, तिथे मोजणारं कोणी नसेल तर गोंधळ ठरलेला.

ओलांडायचं असेल तर सरळ भागात ओलांडा. वळणावर पूर्ण वेळ दुसऱ्या लेनमध्ये राहिलं की एका वळणाला जवळपास साडेतीन मीटर जास्त पडतात. 400 मीटर हे पहिल्या लेनचं माप, आठवीतून फेरी 453 मीटरच्या पुढे जाते. घड्याळातला जीपीएस वळणांवर हमखास गडबडतो, मी फक्त स्टॉपवॉच लावते.

त्रास काय, तर दोन गोष्टी. हीटची वाट पाहताना अंग थंड पडतं, म्हणून स्वेटर शेवटच्या क्षणापर्यंत काढत नाही आणि आपला गट बोलावण्याआधी थोड्या छोट्या धावा घेते. दुसरं, सगळी वळणं डावीकडेच, त्यामुळे पायांवर ताण एकसारखा पडत नाही. दम लवकर परततो, पोटऱ्या आणि टाचेवरची शीर त्या मानाने फार सावकाश तयार होतात, आणि दमाच्या भरवशावर वेग वाढवला की तीच शीर कुरकुरते. सरावाच्या सावकाश धावा मी ट्रॅकबाहेर, मातीवर किंवा गवतावर करते, आणि शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी फक्त चालते.

स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले ट्रॅकचे बूट, घ्यावेत का, हे बरेच जण विचारतात. निदान सुरुवातीचे महिने तरी नको. त्यांची टाच खाली असते, त्यामुळे सगळा ताण पुन्हा त्याच पोटऱ्यांवर येतो. पुढच्या वेळी मी 3000 ला नाव देणार आहे, साडेसात फेऱ्या, नेहमीच्याच बुटांत.