लोकांच्या शब्दावर कादंबऱ्या आणि सिनेमे: पावसाळ्यापासूनचा अनुभव

गेल्या पावसाळ्यापासून मी एक पद्धत पाळते आहे. कादंबरी आणायची किंवा सिनेमाला जायचं तर पेपरातलं परीक्षण वाचायचं नाही, मोबाईलवरचे तारे बघायचे नाहीत. जिने ते पुस्तक वाचलंय, जिने तो सिनेमा बघितलाय, तिलाच विचारायचं. आता उन्हाळा लागला. एवढ्या महिन्यांत ही पद्धत कुठे चालली आणि कुठे अडली, ते लिहिते.

माझी एक सोय आधी सांगायला हवी, कारण ती सगळ्यांना नसते. बेळगावच्या शहापुरात माझं पिको-फॉलचं दुकान आहे. काही बायका साडी टाकून बाजाराला जातात, काही तिथंच स्टुलावर बसून राहतात. वडगाव-खासबागच्या विणकर घरातल्या, अनगोळच्या, येळ्ळूरहून बसने आलेल्या, कुणी मराठी, कुणी कन्नड, बऱ्याचशा दोन्ही. फॉल हाताने टाचायचा असला की वेळ जातोच, आणि बसलेल्या बाईला काहीतरी बोलायचं असतंच. पूर्वी सून, भाव, पाणी यावर बोलणं व्हायचं. मी त्यात पुस्तकं आणि सिनेमे घातले. जुन्या पावतीबुकाच्या कोऱ्या पाठीवर टिपून ठेवते. एक टिपण असं आहे: ‘खासबागच्या वैनी. जाड कादंबरी, लेखिका नवीन. साठाव्या पानाला सोडली. नवरा फार गुणाचा दाखवलाय म्हणे, पटत नाही.’ ती कादंबरी मी आणली नाही, हे सांगायला नको.

पहिले काही आठवडे मी ‘कसं आहे पुस्तक?’ असं विचारत होते. त्याला एकच उत्तर येतं, ‘छान आहे’. लग्नातलं जेवण कसं होतं विचारल्यावर जे उत्तर येतं, तेच. मग प्रश्न बदलला. ‘कुठे सोडलंत?’ असं विचारायला लागले. या एका प्रश्नाने पद्धतीचा निम्मा फायदा दिला. सोडलेलं पुस्तक माणूस खरं सांगतो. पान आठवतं, कारण आठवतं, त्या दिवशी घरी काय चाललं होतं तेही आठवतं. पूर्ण वाचलेल्याला दुसरा प्रश्न: ‘नंतर कुणाला दिलंत वाचायला?’ ज्या पुस्तकाची ‘नणंदेला दिलं, तिने तिच्या मैत्रिणीला दिलं, अजून परत आलं नाही’ अशी कथा आहे, ते पुस्तक मी डोळे झाकून आणते. अजून तरी फसलेले नाही.

ताऱ्यांबद्दल फार लिहीत नाही. खरेदीच्या ॲपवर एका कादंबरीखाली एक तारा दिला होता, कारण पुठ्ठा दुमडलेला आला. त्याच्या खाली पाच तारे होते, कारण वडिलांना वाढदिवसाला दिली आणि ते खूश झाले. या दोघांची सरासरी काढून मला काय कळणार?

आता मुख्य अडचण. ती आमच्या भागाचीच आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बेळगावात मराठी सिनेमा आला की तो टिकेल की नाही याची धाकधूक असते. खेळ थोडे, वेळा अडचणीच्या, आणि पुढच्या शुक्रवारी दुसरं मोठं काही आलं की हा निघाला. काही सिनेमे तर इथे येतच नाहीत, मग हौशी लोक कोल्हापूर गाठतात. अशा ठिकाणी मराठी सिनेमाला वाईट म्हणणं म्हणजे घरच्या माणसाला चारचौघात बोलल्यासारखं वाटतं. १९५६ पासून हा भाग भाषेच्या प्रश्नात अडकलेला आहे. दर १ नोव्हेंबरला इथे काळा दिवस पाळतात, महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. या सगळ्यातून आमच्या तोंडाला एक सवय लागलीय: मराठी आहे ना, मग चांगलंच.

थंडीच्या दिवसांत एक मराठी सिनेमा लागला होता. नाव घेत नाही. दुकानात ज्यांनी ज्यांनी बघितला, त्यांनी ‘जाऊन या, चांगला आहे’ असंच सांगितलं. गेले. मध्यंतरापर्यंत गोष्ट सुरूच होत नाही, आणि सुरू झाल्यावर तिला कसं थांबवायचं हे करणाऱ्यालाच कळलेलं नाही. सभागृहात मोजकी माणसं. दोन दिवसांनी त्या सांगणाऱ्यांपैकी एक मावशी साडी न्यायला आल्या. मी विचारलं, “मावशी, तुम्ही शेवटपर्यंत बसलात?”

“कसलं की वो! मी मधेच झोपलो बगा. पोरानं उठवलं.”

“मग चांगला आहे का म्हणालात?”

“आपला हाय न्हवं?” असं म्हणून त्यांनी पिशवीत साडी घातली.

यावर काय बोलणार! पण मला राग आला, आणि तो मावशींवर नव्हता. तिकिटाचे पैसे, रिक्षाचे पैसे, दुकान लवकर बंद केलं ते वेगळंच. पुढच्या वेळी खरंच चांगला मराठी सिनेमा येईल तेव्हा मी मावशींवर विश्वास ठेवणार नाही, आणि तो सिनेमा माझ्यासारख्यांच्या पाठिंब्यावाचून जाईल. आपल्या माणसाचं कौतुक करताना आपण त्याचंच गिऱ्हाईक तोडतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

गंमत अशी की याच बायका कन्नड सिनेमाबद्दल एकदम मोकळेपणाने बोलतात. ऑक्टोबरात ‘कांतारा’चा नवा भाग आला. २०२२ चा पहिला आमच्याकडे मराठी घरांनीही सहकुटुंब बघितला होता. नव्यावर दुकानात जी चर्चा झाली, तशी एकाही परीक्षणात मी वाचली नाही. एकीला लढाया लांबल्यासारख्या वाटल्या. दुसरीने सांगितलं, पहिल्यातला गावचा घरगुतीपणा यात नाही, पण देवाचं आलं की अंगावर काटा येतो. तिसरीचं म्हणणं, पोरांना मोठ्या पडद्यावरच दाखवा, फोनवर बघून उपयोग नाही. पिको मशीन चालू असल्याने सगळं मोठ्या आवाजात. कुणाच्याही मनावर दडपण नाही, म्हणून मत खरं. हे मोकळेपण मराठीला का नाही मिळत, हा माझा प्रश्न.

पुस्तकांच्या बाबतीत तसंच थोडं आहे. आमच्याकडे गावोगाव साहित्य संमेलनं होतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, कुद्रेमानी... सकाळी ग्रंथदिंडी, मग भाषणं, दुपारी जेवण, पुस्तकांचे स्टॉल. मला ती आवडतात, जमेल तेव्हा जाते. पण व्यासपीठावरून एखादं पुस्तक फसलंय असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. खरी मतं ऐकायची तर जेवणाच्या रांगेत उभं राहावं. या हंगामात एका रांगेत मागच्या काकांनी ऐतिहासिक कादंबऱ्यांविषयी जे ऐकवलं ते व्यासपीठावर आलं असतं तर संमेलन गाजलं असतं. त्यांचं म्हणणं, कोवाडच्या रणजित देसाईंनी १९६२ मध्ये ‘स्वामी’ लिहून वाट पाडली, ती ठीक. नंतरचे निम्मे लोक त्याच वाटेवरून तोच पोशाख घालून चालले. कोवाड इथून तासाभराच्या आत, त्यामुळे देसाईंबद्दल आमच्याकडे सहसा वावगा शब्द निघत नाही. काकांनीही त्यांना सोडलंच. बाकीच्यांना नाही.

सगळ्यात कामाचं मत मात्र मला न पटलेलं निघालं. शेजारच्या अक्का कन्नड आहेत, वाचन दांडगं. २०२५ च्या सप्टेंबरात कन्नड कादंबरीकार भैरप्पा गेले तेव्हा त्यांचा विषय निघाला. त्यांचं ‘वंशवृक्ष’ मी वाचलं नव्हतं. उमा कुलकर्णींनी ते मराठीत आणलंय. त्या जन्माने बेळगावच्याच, आणि याच अनुवादाला १९८९ चा साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे, त्यामुळे वाचनालयात मिळणार याची खात्री होती. अक्कांना विचारलं, आणू का?

“कॉलेजात असताना वाचलो तवा लई भारी वाटलं. परवा परत वाचलो तर राग आला की,” अक्का म्हणाल्या. “ते कात्यायनीला किती त्रास दिलेत वो! शिकायला गेली, दुसरं लग्न केली, म्हणून तिला शिक्षा. श्रोत्री मात्र देव.”

हे ऐकून मी पुस्तक आणलं. वाचताना पानोपानी अक्कांशी भांडत होते. कात्यायनीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं आहे, लेखक तिच्यावर फार कठोर झालाय. पण तिचे सासरे श्रोत्री देव नाहीत. कादंबरी शेवटाकडे त्यांच्या पायाखालची जमीनच काढून घेते. ते कसं, हे सांगत नाही, वाचणाऱ्याचं नुकसान होईल. ‘चांगलं आहे, वाचा’ एवढंच अक्कांनी सांगितलं असतं तर मी ही कादंबरी इतक्या ईर्ष्येने वाचली नसती. आता त्या मूळ कन्नड आणि मी मराठी समोर धरून ओट्यावर वाद घालतो. भैरप्पांचं ‘पर्व’ पुढे ठेवलंय, ते जाड आहे, दिवाळीपर्यंत पुरेल.

मत देणारा कुठे बसून बोलतोय, हे बघायला लागतं. प्रकाश नारायण संतांच्या, आमच्याच भागात घडणाऱ्या लंपनच्या गोष्टींवर लांबच्या वाचकांची मतं मी वाचली, त्यात एक तक्रार सापडली: बोली जड जाते, मधले कानडी शब्द अडवतात. माझ्या दुकानात ‘वनवास’ वाचलेल्या मुलीला हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. तिची तक्रार वेगळी होती. लंपन फार हळवा आहे, आमच्या गल्लीतल्या पोरांनी त्याला एक दिवस टिकू दिला नसता! मला हे मत फार आवडलं.

महादेव मोऱ्यांचं नाव मला बायकांकडून एकदाही आलं नाही. ते आलं एका गिऱ्हाइकाच्या नवऱ्याकडून. बायकोला न्यायला आले होते, स्कूटर बंद न करता दारातच उभे. गॅरेजात काम करतात. मी सहज विचारलं, तुम्ही काही वाचता का? म्हणाले, निपाणीच्या मोऱ्यांचं वाचतो, कारण त्यात ग्रीसचा वास येतो. मोरे निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहायचे, २०२४ मध्ये गेले. ड्रायव्हर, गॅरेजवाले, तंबाखूच्या वखारीतल्या बायका यांच्यावर त्यांनी लिहिलं. इतकं जवळचं असून मला कुणी सुचवलं नव्हतं, हा या पद्धतीचा मोठा दोष. ज्यांची तोंडं चालतात त्यांचीच पुस्तकं तुमच्यापर्यंत येतात. पुरुषांना मुद्दाम विचारावं लागतं, आणि ते एका वाक्यात आटपतात.

दुसरे दोष पटकन सांगते. लोक शेवट सांगून टाकतात. कितीही हात वर करा, ‘आणि मग ती मरते’ हे निघतंच. नवीन पुस्तकांवर मतं मिळत नाहीत, कारण ती कुणी घेतलेलीच नसतात. काहींची मतं लग्नाआधीच्या वाचनावरची असतात, ती जपून घ्यावीत. अक्कांचंच बघा, वीस वर्षांत उलटं झालं. आणि सिनेमा बघितलेले लोक कादंबरीपासून तुम्हाला परावृत्त करतात. ‘नटरंग’चं तसं झालं. कादंबरीचे लेखक आनंद यादव कागलचे, म्हणजे निपाणीच्या पुढचेच. सिनेमातले अतुल कुलकर्णी जन्माने बेळगावचे. म्हणून सिनेमा सगळ्यांनी बघितलेला, कादंबरी कुणीच नाही. ‘तेच आहे की’ असं सगळे सांगतात. तेच नाही. सिनेमा शेवटी नायकाला, गुणाला, सावरतो, कादंबरी सावरत नाही.

पुस्तकं मिळण्याचं म्हणाल तर आमची अडचण कमी. सार्वजनिक वाचनालय १८४८ सालापासूनचं आहे, जुन्या कादंबऱ्या तिथे मिळतात. तिथल्या जुन्या प्रतींच्या समासात वाचकांनी पेन्सिलीने लिहिलेलं असतं. तसं करू नये हे मान्य, पण एका सामाजिक कादंबरीच्या शंभराव्या पानावर कुणीतरी ‘इथून पुढे पाणी’ असं लिहून ठेवलं होतं आणि ते तंतोतंत खरं निघालं.

ही पद्धत कुणाला जमेल? ज्याच्याकडे चार माणसं रोज येतात त्याला. सलूनवाले, किराणावाले, शिक्षक, रिक्षावाले. घरात एकट्याने राहणाऱ्याला अवघड जाईल. आणि एक पाळावं लागेल: उलट आपल्याला कुणी विचारलं तर आपणही खरं सांगायचं, मराठी असो नाहीतर कन्नड. मावशी परवा परत आल्या, नवा मराठी सिनेमा लागलाय, जाऊ का म्हणाल्या. मी सांगितलं, मध्यंतरापर्यंत झकास आहे, सासूचं काम करणारी बाई बघण्यासारखी आहे, पुढे गाणी सुरू झाली की बाहेर येऊन चहा प्या. त्या म्हणाल्या, “अगं बाई, आपला सिनेमा हाय, असं बोलतात व्हय?” आणि संध्याकाळच्या खेळाला सुनेला घेऊन गेल्या.