ढलप्यांच्या पक्ष्यासाठी घेतलेली सुरी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

विक्रेत्याने सुरी परत घेतली नाही, कारण काय, तर "धार लावलेली आहे". सुरीला धार लावणं हा दोष असेल तर विळीवाल्यांनी दुकानं बंद करावीत.

सहा सेंटिमीटर पातं, कार्बन स्टील, बर्चची मूठ. आठ महिने तिने एकच काम केलं: रशियाच्या उत्तरेकडचा, अर्खांगेल्स्क भागातला ढलप्यांचा पक्षी. धड आणि शेपटी एका ठोकळ्यातून, पंख दुसऱ्यातून. ते धडाच्या खाचेत आडवे बसतात. पिसं म्हणजे त्याच ठोकळ्यांतून चिरून पंख्यासारख्या फिरवलेल्या पातळ पट्ट्या. गोंद नाही, खिळा नाही. तिकडे तो छताला टांगतात, चुलीच्या गरम हवेने हळूहळू फिरतो. (आपल्याकडे सिलिंग फॅनपासून लांब टांगा.)

पहिल्या दोन महिन्यांचं मत: पैसे पाण्यात. दहापैकी चार पिसं मानेपाशी तुटत होती. मान म्हणजे ठोकळ्याच्या दोन्ही कडांनी कोरून अरुंद ठेवलेला भाग, साधारण 3 मिमी. तिथेच प्रत्येक पीस पिळून फिरवायचं असतं. आधी सगळ्या ठोकळ्यावर पिसाचा आकार, मान आणि टोकाजवळच्या, पिसं एकमेकांत अडकवायच्या खाचा कोरायच्या, मग टोकाकडून मानेपर्यंत एकेक पीस चिरत यायचं. मानेच्या पुढे चीर गेली की पीस हातात येतं.

हे मत मागे घेतो. दोष लाकडाचा होता. वखारीतला पॅकिंगचा पाइन बहुधा भट्टीत वाळवलेला असतो. तो पिळला की कट्कन मोडतो. ठोकळा रात्रभर पाण्यात बुडवून, कोरण्याआधी वीसेक मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवला, तर हीच मान वाकते. शिवाय ठोकळा करवतीने कापू नका, कोयत्याने फोडा. फोडलेल्या बाजूवर तंतू सरळ दिसले नाहीत तर तो तुकडा चुलीसाठी. करवतीचा कट तंतू तिरका तोडतो, आणि चीर मध्येच कडेला पळते.

तुटणं थांबलं, पण पिसं सारखी निघेनात. एक जाड, एक पारदर्शक. इथे मात्र सुरीच दोषी. कारखान्यातून येताना धारेच्या अगदी टोकाला दुसरी, जास्त उभी कड घासलेली असते. प्रकाशात धरली तर केसाएवढी चमकती रेघ दिसते. ती पाचरीसारखी काम करते: पातं कापण्याऐवजी लाकूड फाकवतं, चीर पात्याच्या पुढे धावते आणि जाडी तुमच्या हातात राहत नाही. चिरण्यात भुसा जात नाही, म्हणजे 20 मिमी जाडीच्या ठोकळ्यातून 1 मिमीची वीस पिसं निघायला हवीत. त्या रेघेमुळे चौदा निघत होती. सहा पिसं एका रेघेने खाल्ली! पात्याची ही बारीक बाब वर्णनात कोणी का लिहीत नाही, हे कळत नाही.

उपाय: 1000 नंबरचा निसणा. पात्याची मोठी उतरती बाजू सपाट टेकवून, ती रेघ दोन्ही बाजूंनी नाहीशी होईपर्यंत घासा. मग जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पॉलिशवडी लावून, दर दहा पिसांनंतर पाच-सहा फेऱ्या. पट्ट्यावर पातं नेहमी मागे ओढायचं, पुढे ढकललं तर चामडं कापलं जातं. एवढ्यावर पिसं सारखी निघू लागली. तोटाही आहे: धार आता इतकी पातळ, की पाइनच्या गाठीवर लागली तर लगेच वळते. म्हणून आकार कोरायला जुनी, जाड पात्याची सुरी, आणि ही फक्त चिरायला. एका सुरीचं काम दोघींवर वाटावं लागलं, हे काही कौतुकाचं नाही.

गंज हा दुसरा त्रास. लाकूड ओलं, स्टील कार्बनचं, त्यात पावसाळा. काम थांबलं की पुसून खोबरेल तेलाचा हात. महागड्या गंजरोधक तेलाची गरज पडली नाही. चामड्याच्या म्यानात मात्र ठेवू नका, ओलावा तिथेच धरून राहतो.

मूठ चांगली आहे. ओल्या हातातही घसरत नाही.

बाराशे रुपये सुरीचे, निसणा वेगळा. दोन तारे कापले: एक त्या रेघेसाठी, एक विक्रेत्यासाठी.