जुन्या गाड्या तोडणाऱ्या दुकानातून मागवलेली सबफ्रेम

माझ्या डिझेल गाडीच्या पुढच्या सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखाली बोल्टने जोडलेल्या लोखंडी चौकटीला, लोअर आर्मच्या (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) रबरी बुशाजवळ गंजाने आरपार भोक पडले, तेव्हा नवीन घेण्याऐवजी जुन्या गाड्या तोडून सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानाकडून वापरलेली सबफ्रेम मागवण्याचे मी ठरवले. दुकानदाराचे बोलणे सौजन्याचे होते आणि मालही वेळेवर आला; तरीही पहिली सबफ्रेम परत करावी लागली, आणि त्या चुकीत जेवढा वाटा दुकानाचा, जवळजवळ तेवढाच माझाही होता.

फोनवर मला फक्त मॉडेल आणि वर्ष विचारण्यात आले. मी दोन्ही सांगितले आणि ‘बसेल, काळजी नको’ एवढ्या उत्तरावर पैसे भरले. आलेली सबफ्रेम खरोखरच त्याच मॉडेलची आणि त्याच वर्षाची होती. बॉडीला जोडणाऱ्या बोल्टची सगळी भोके जुळत होती, आणि नेमकी तिथेच फसगत झाली. ती पेट्रोल गाडीची निघाली. इंजिनाला पुढेमागे डोलू न देणारा जो खालचा माउंट असतो, त्याची बैठक माझ्या गाडीपेक्षा वेगळ्या जागी होती. हे लक्षात आले तेव्हा गाडी लिफ्टवर होती, इंजिन वरून टांगून धरलेले होते आणि स्टिअरिंगचा सांधाही सुटा केलेला होता.

सबफ्रेम म्हणजे नुसती लोखंडी चौकट नव्हे. तिच्यावर स्टिअरिंग रॅक, लोअर आर्म, अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारी सळई) आणि इंजिन किंवा गिअरबॉक्सचा माउंट बसतो, त्यामुळे यांपैकी एक भाग बदलला तरी तिची एखादी ब्रॅकेट किंवा भोक बदलू शकते. म्हणून इंजिन पेट्रोल की डिझेल, गिअरबॉक्स मॅन्युअल की ऑटोमॅटिक, पॉवर स्टिअरिंग हायड्रॉलिक की इलेक्ट्रिक, आणि गाडी फेसलिफ्टच्या (त्याच मॉडेलमध्ये मध्येच केलेल्या बदलांच्या) आधीची की नंतरची, हे सगळे आधीच विचारून घ्यावे. मागच्या सबफ्रेमच्या बाबतीत फोर-व्हील ड्राइव्हचा प्रश्न सर्वात मोठा असतो, कारण तिथे डिफरन्शिअललाही (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीलाही) जागा लागते.

दुसऱ्या खेपेला मी माझ्या गाडीचा १७ अक्षरी चासी नंबर देऊन अधिकृत सुट्या भागांच्या विक्रेत्याकडून पार्ट नंबर काढून घेतला आणि दुकानाकडे तोडलेल्या गाडीचा चासी नंबर मागितला. त्यांनी तो कुरकुर न करता दिला, शिवाय प्रत्येक ब्रॅकेटजवळ मोजपट्टी धरून काढलेले फोटोही पाठवले. याबद्दल त्यांना पूर्ण गुण. पार्ट नंबर सबफ्रेमवर ठोकलेला किंवा स्टिकरवर छापलेला असतो, मात्र स्टिकर गंजात नाहीसा झालेला असणे नेहमीचेच. काही कंपन्यांच्या नंबरात शेवटचे अक्षर फक्त सुधारित आवृत्ती दाखवते. ते वेगळे दिसले म्हणून भाग लगेच नाकारू नये, पण कोणत्या नंबराच्या जागी कोणता चालतो याची लेखी खात्री मात्र घ्यावी.

जुळणारा नंबर सबफ्रेमच्या प्रकृतीबद्दल काहीच सांगत नाही. दुसरी सबफ्रेम ताज्या काळ्या रंगात आली, आणि असा रंग पाहिला की मला आधी संशय येतो. आतून पोकळ असलेल्या भागांवर हातोडीने हलके ठोकले असता एका कोपऱ्यात आवाज बद्द आला. तिथला रंग खरवडल्यावर वरवरचाच गंज निघाला, पत्रा शाबूत होता. अपघाती गाडीची सबफ्रेम वाकलेली असू शकते, म्हणून समोरासमोरच्या भोकांमधले कर्ण मोजावेत. मात्र दोन्ही कर्ण सारखे आले तरी पीळ पडलेला असू शकतो. तो पाहण्यासाठी जुनी आणि नवी सबफ्रेम सपाट पृष्ठभागावर शेजारी ठेवून तपासणे बरे. कधीकधी दोष सबफ्रेममध्ये नसतोच: बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीज गाडीच्या ई४६ पिढीत मागची सबफ्रेम जिथे जोडलेली असते, तिथला बॉडीचाच पत्रा तडकल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत, आणि अशा वेळी दुसरी सबफ्रेम आणून काही साधत नाही.

सोबत आलेले बुश फाटलेले होते, ते मी बदलले. बोल्टही नवे घातले, कारण अनेक कंपन्या ते एकदाच वापरायला सांगतात. लोअर आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर टेकल्यानंतरच शेवटचे आवळले, नाहीतर बुशाचे रबर पिळलेल्या अवस्थेत अडकून लवकर फाटते. त्यानंतर व्हील अलाइनमेंट केले. स्टिअरिंग आता सरळ आहे आणि टायरही एकसारखे झिजत आहेत.

दुकानाने पहिली सबफ्रेम परत घेऊन पूर्ण पैसे दिले, पण दोनदा झालेल्या मजुरीबद्दल हात वर केले, कारण जुळणीची खात्री ग्राहकाने करावी असे बिलावर छापलेले होते. ‘बसेल’ हे आश्वासन तोंडी होते आणि अट छापील. मी पाचपैकी तीन गुण देतो, आणि पुढच्या वेळी पैसे भरण्यापूर्वी पार्ट नंबर बिलावरच लिहून मागेन.