सिरीयल नंबर ४७ : माझ्या डिझेल बॉक्सची चोरी कशी झाली, गाडीवाल्यांनी आणि छोट्या मेकर्सनी वाचा

मी डिझेल गाड्यांची पॉवर वाढवणारे बॉक्स बनवतो. जूनमध्ये नाशिकहून एकाचा फोन आला, माणूस प्रचंड चिडलेला. "तुमचा बॉक्स लावला आणि कसारा घाटात गाडीची पॉवरच गेली, चेक इंजिन लाइट लागली, बायको-पोरं गाडीत, मागून ट्रक हॉर्न मारतायत, काही झालं असतं तर?" मी बिल नंबर विचारला तर बिल दिलंच नव्हतं म्हणे, पण बॉक्सवर नाव तुमचंच आहे. म्हटलं कुरियर करा, खर्च माझा. बॉक्स आला, लॅपटॉपला जोडला आणि स्क्रीनवर सिरीयल नंबर बघून हातपाय गार पडले. ४७.

४७ नंबरचा बॉक्स मी नाशिकला विकलाच नव्हता, तो मी स्वतःच्या हाताने एका डीलरला सॅम्पल म्हणून दिला होता.

आधी आमचं काम काय ते सांगतो. भोसरीत एक छोटा गाळा आहे, मी आणि माझा आतेभाऊ दोघंच. कॉमन रेल डिझेल गाड्यांसाठी परफॉर्मन्स बॉक्स बनवतो, जास्त करून ते १२४८ सीसीचं इंजिन जे स्विफ्ट, विस्टा, पुंतो सगळ्यांत आलं. रेल प्रेशर सेन्सर (इंजिनला जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर मोजणारा) आणि ईसीयू (इंजिन चालवणारा गाडीतला कॉम्प्युटर) यांच्या मधे बॉक्स बसतो, सेन्सरचा सिग्नल साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट असतो, तो आम्ही ईसीयूला थोडा कमी करून दाखवतो, मग ईसीयू प्रेशर वाढवतो, तेवढ्याच वेळात डिझेल जरा जास्त जातं आणि गाडी ओढायला लागते. ऐकायला सोपं वाटतं पण किती कमी दाखवायचं, कधी थांबायचं, इंजिन थंड असताना किती वेळ सिग्नल बदलायचा नाही, हे सगळं बॉक्सच्या चिपमधल्या प्रोग्राममध्ये असतं आणि तो लिहायला आम्हाला दोन वर्षं लागली. खंबाटकी घाट चढून किती वेळा रीडिंग घेतले त्याचा हिशोब नाही.

आणि मेन गोष्ट, प्रत्येक बॉक्सचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाचे आकडे, वेगळं असतं. रेझिस्टर एकाच पाकिटातले असले तरी थोडा फरक राहतोच, म्हणून प्रत्येक बोर्ड मीटरवर तपासून त्याचे आकडे आणि सिरीयल नंबर त्याच्याच चिपमध्ये टाकतो.

तर हा डीलर आमच्याच तालुक्यातला, ओळखीतून आलेला. "भाऊ आधी दहा पीस द्या, चालले तर महिन्याला पन्नास उचलतो." गाळ्यावर आला, चहा घेतला, आईच्या तब्येतीची चौकशी केली. चार पीसचे पैसे दिले, सहाचे पुढच्या महिन्यात म्हणाला. डिलिव्हरी चलन सोडलं तर कागदावर काहीच केलं नाही, गावचा माणूस म्हणून. आणि दुसरी चूक त्याहून मोठी, चिपचं रीड प्रोटेक्शन, म्हणजे आतला प्रोग्राम कुणाला काढून घेता येऊ नये म्हणून असलेलं कुलूप, मी चालूच केलं नव्हतं, कारण डेव्हलपमेंट करताना ते बंद ठेवावं लागतं आणि नंतर राहून गेलं. त्याने कुणाकडून तरी ४७ नंबरमधला प्रोग्राम जसाच्या तसा काढून घेतला आणि स्वस्तातल्या बोर्डांवर छापला. एका दुपारचं काम ते.

तीन महिन्यांत माझ्याकडे असे ९ बॉक्स आले, नाशिक, सांगली, लातूर कुठून कुठून, नऊच्या नऊ ४७. म्हणजे ४७ नंबरच्या बोर्डाचे कॅलिब्रेशनचे आकडे दुसऱ्याच रेझिस्टरवर चालतायत! कुठे प्रेशर हवं त्यापेक्षा जास्त जातं, गाडी लिम्प मोडला जाते, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयू पॉवर कमी करतो, एकाचा तर इंजेक्टर (इंजिनमध्ये डिझेल फवारणारा भाग) गळायला लागला. कनेक्टरला वॉटरप्रूफ सील पण नाही, पहिल्याच पावसात पाणी आत. लोकांनी निम्म्या किमतीत मिळतोय म्हणून घेतला आणि शिव्या मला बसल्या. महिन्याला २५ बॉक्स जायचे ते ७ वर आले, आतेभावाने आता दुसरीकडे नोकरी धरलीय. सहा पीसचे पैसे राहिले ते राहिलेच, पण ज्याला घरचा समजून बसवलं त्याने केसाने गळा कापला हे जास्त लागतं.

वकिलांना भेटलो. प्रोग्रामला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आहे, रजिस्ट्रेशन नसलं तरी हक्क असतो, पण पुरावा लागतो. माझ्याकडे जुन्या व्हर्जनच्या तारखा आहेत, त्या दहा पीसचं डिलिव्हरी चलन आहे आणि हे नऊ बॉक्स आहेत. तक्रार दिलीय, चालू आहे.

माझ्यासारखं कुणी बनवत असेल तर आजच्या आज रीड प्रोटेक्शन चालू करा. एसटीएम३२ सारख्या चिपमध्ये प्रत्येकीचा ९६ बिटचा वेगळा आयडी कारखान्यातूनच येतो, प्रोग्राम त्या आयडीला बांधा, म्हणजे दुसऱ्या चिपवर टाकला तर चालणारच नाही. मी आता तेच केलंय. आणि सॅम्पल देण्याआधी सही घ्या, सख्खा भाऊ असला तरी.

गाडीवाल्यांनो, कुणाचाही बॉक्स घ्या, पण बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या आणि बनवणाऱ्याला फोन करून तो नंबर खरंच तुम्हाला विकलाय का विचारा. बॉक्स लावल्यावर कंपनीची वॉरंटी जाऊ शकते हे विकणारा आधीच सांगत नसेल तर तिथून उठा. आणि ज्यांनी आमच्या नावाचा बॉक्स बिलाशिवाय घेतलाय त्यांनी गाडी थंड असताना, चावी बंद करून बॉक्सचे दोन्ही कनेक्टर काढा, सेन्सरला मूळ वायर परत जोडा, गाडी पहिल्यासारखी चालेल. बॉक्स माझ्याकडे पाठवा, नंबर फुकट तपासून देतो. ४७ निघाला तर पुरावा म्हणून माझ्याकडेच ठेवेन, आणि कुठून घेतला, किती दिले एवढं मात्र लिहून द्या, दहावा अकरावा जितके येतील तितके मला हवेत.